गाव नमुना बावीस

तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने एकवीस. एकला आकारबंद, सहाला फेरफार, सातला मालकी, बाराला पिकं, असं करत करत एकवीसपर्यंत. बाविसावा नमुना महसूल खात्यानं काढलेला नाही. तो फक्त आंबागडात आहे. शंभर पानं, पुठ्ठ्याची बांधणी, वर लाल शाईत नाव : ‘गाव नमुना २२. पक्षी वहिवाट नोंदवही. मौजा आंबागड, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा.’

नोंद तलाठ्यानं घ्यायची आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित करायची, असा नियम. इथे मंडळ अधिकारी नसल्यामुळे दोन्ही सह्या पटवारीसाहेब स्वतःच करतात. मात्र दुसरी सही करण्याआधी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसतात. म्हणजे तपासणारा माणूस वेगळा झाला.

पटवारीसाहेब म्हणजे सेवानिवृत्त तलाठी. आमच्याकडे तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात. मी त्यांचा भाडेकरू. शाळेवर बदली होऊन आलो, त्यांच्या वाड्यातली मागची खोली मिळाली, आणि महिनाभरात या नमुन्यात पंच म्हणून माझी पहिली सही झाली. सही कशावर करतोय हे मी वाचलं नव्हतं. नंतर कळलं, की चिमणीच्या एका काडीवर होती.

पक्षी पाहणारी माणसं मी आधीही पाहिली होती. नवेगावबांधला हातभर लांब लेन्स घेऊन येणारे, पहाटे चारला उठणारे, साध्या बगळ्याला लॅटिनमध्ये हाक मारणारे. पटवारीसाहेब त्यांतले नव्हेत. त्यांच्याकडे दुर्बीण नाही, कॅमेरा नाही, आणि पक्ष्याच्या मागे रानात जायची त्यांची तयारीही नाही. पक्ष्यानं आपल्याकडे यावं, मग चौकशी करू, ही त्यांची पद्धत. छत्तीस वर्षांच्या नोकरीत लोकच त्यांच्याकडे आले. आता पाखरांसाठी उन्हात का फिरायचं?

याची सुरुवात काकूंच्या एका वाक्यानं झाली. निवृत्तीच्या पैशातून घरावर स्लॅब पडला. जुन्या कवेलूंच्या फटींत चिमण्यांची चार बिऱ्हाडं होती. कवेलू उतरले आणि चारही बिऱ्हाडं रस्त्यावर आली. वास्तूच्या दिवशी साहेब नव्या छताकडे कौतुकानं पाहत उभे असताना काकू म्हणाल्या, “घर तुमचा झाला, त्याइचा मोडला. मोबदला देल्ला का?”

गोसेखुर्द धरणाच्या जिल्ह्यात नोकरी काढलेल्या माणसाला ‘मोबदला’ आणि ‘पुनर्वसन’ हे दोन शब्द जिव्हारी लागतात. साहेब त्या रात्री जेवले नाहीत असं काकू सांगतात. जेवले असावेत, पण उशिरा. दुसऱ्या दिवशी जुन्या बाजेच्या फळ्या घेऊन ते सुताराकडे गेले.

पेटीचा तळ सहा इंच बाय सहा इंच. घरी आणल्यावर साहेबांनी आधी हिशेब मांडला. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा. तेव्हा एका गुंठ्यात अशा पेट्या बसतात ४,३५६. मग त्यांचा चेहरा पडला. “गुरुजी, एवढा लहान तुकडा तुकडेबंदी कायद्यात बसत नाही. खरेदीखत होणार नाही.” मी म्हटलं, चिमणी खरेदी कुठे करते आहे? त्यांनी जरा विचार केला आणि मालकीच्या रकान्यात ‘सरकार’ लिहिलं, कब्जेदाराच्या रकान्यात ‘रिक्त’. चतुःसीमा अशी : पूर्वेस बोरिंग, पश्चिमेस स्वयंपाकघराची खिडकी, दक्षिणेस गुरुजींची खोली, उत्तरेस सीताफळ.

चिमणीच्या पेटीचं भोक ३२ मिलिमीटरचं हवं, म्हणजे सव्वा इंच. चिमणी आत जाते, तिच्याहून मोठी बाहेर राहते. हे साहेबांना पुढे कळलं. सुताराला मात्र आधीपासून एकच गोष्ट माहीत होती, की दार मोठं असलं तर घराला शोभा येते. त्यानं दोन इंचाचं पाडलं.

पहिल्या उन्हाळ्यात चिमणीनं चार दिवस काड्या आणल्या. माझी सही झाली ती यांतल्याच एका काडीवर. पाचव्या दिवशी साळुंकी आली, तिनं आत जाऊन चार दिवसांचं सगळं बांधकाम चोचीनं उपसून खाली टाकलं आणि स्वतःचा संसार मांडला. नमुना २२ मधली ती नोंद मी नकलून घेतली आहे : ‘अतिक्रमण. कब्जेदारास नोटीस काढली. पेटीखाली उभे राहून मोठ्याने वाचून दाखवली. कब्जेदाराने स्वीकारण्यास नकार दिला.’

नोटीस खरोखर वाचली होती. मी खोलीतून ऐकत होतो. साळुंकीनं मधूनमधून उत्तरंही दिली, आणि ती ऐकून कोणत्याही न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला असता. जूनमध्ये किल्ल्याच्या डोंगरावरून वानरांची टोळी उतरली आणि पेटी खाली आपटून गेली. तोवर साळुंकीची पिल्लं उडाली होती. शेऱ्याच्या रकान्यात ‘नैसर्गिक आपत्ती. अनुदानाचे लेखाशीर्ष उपलब्ध नाही.’

दुसऱ्या वर्षी सव्वा इंचाच्या भोकाच्या दोन नव्या पेट्या झाल्या, दोन्हींत चिमण्या आल्या, पिल्लं काढून गेल्या. सगळं सुरळीत झाल्यामुळे त्या वर्षाबद्दल साहेब बोलत नाहीत.

खरं प्रकरण तिसऱ्या वर्षाचं.

जुनी दोन इंची पेटी खिळे ठोकून पुन्हा भिंतीवर लागली होती, कारण साहेबांच्या हिशेबी एकदा क्रमांक पडलेली पेटी रद्द करता येत नाही. मार्चअखेरीला पहाटे विजेच्या खांबावर एक काळा-पांढरा पक्षी शीळ घालू लागला. शेपटी वर, छाती पुढे, आणि आवाज असा की गावातल्या भजनी मंडळानं हार्मोनियम बंद करावी. दयाळ. चार दिवसांनी त्याची राखी रंगाची मादी पेटीत शिरली आणि बाहेर येऊन तिनं जी नजर टाकली, ती भाड्याची खोली पाहायला आलेल्या बाईची होती. ओलावा आहे का, शेजार कसा आहे, पाणी किती वाजता येतं.

शेजार तिला पटला असावा.

घरट्याचं सगळं काम मादीचं. गवत, बारीक मुळ्या, खराट्याचे हीर. नर खांबावर बसून गायचा. काकू रोज दुपारी बोरिंगजवळ केस विंचरतात. पडलेलं गुंतवळ दयाळीण उचलून न्यायची. साहेबांनी ‘बांधकाम साहित्य’ या रकान्यात ‘सौ.चे गुंतवळ’ अशी नोंद केली आणि काकूंना ती वाचून दाखवली. बेचाळीस वर्षांच्या संसारात साहेबांच्या लेखणीतून आपल्याबद्दल उतरलेलं हे पहिलं वाक्य, असं काकू म्हणाल्या. रागानं म्हणाल्या की कौतुकानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दाढीचा आरसा बांबूला बांधून साहेब रोज सकाळी अकराला, मादी बाहेर गेली की पेटीत डोकावत. निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची चार अंडी. बारा एप्रिलला मादी बसली आणि त्याच दिवशी साहेबांनी फेरफार धरला. फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस द्यायची आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं, हा कायदा. नोटिसा निघाल्या चौघांना : काकूंना, मला, पेट्यांतल्या चिमण्यांना आणि सीताफळावरच्या खारीला. मी ‘हरकत नाही’ असं लिहून दिलं. काकूंनी लिहून दिलं नाही.

त्या दिवसापासून घराला कुलूप लागलं. आंबागडचा किल्ला राजा खान पठाणानं सतराशेच्या सुमाराला बांधला. देवगडच्या बख्त बुलंदचा तो सरदार. ज्यानं नागपूर वसवलं तोच बख्त बुलंद. पुढे नागपूरकर भोसल्यांनी या किल्ल्याचा तुरुंग केला. आता किल्ला पडका झाला आहे, पण एप्रिल-मे महिन्यांत ती सोय गावात उपलब्ध असते. कुकरची शिटी बंद. फोडणीला मोहरी बंद, कारण ती तडतडते. पापड वाळत घालायला ओट्यावर चढायचं नाही. माझ्या खोलीची उत्तरेकडची खिडकी सील. मी खोकलो तर साहेब भिंतीवर दोन बोटं वाजवत. एकदा मी झोपेत घोरलो म्हणून सकाळी मला समज देण्यात आली.

“पाखराले मानूस चालते, खर्रा चालते, अना कुकर चालत नाही?” काकू विचारत.

खर्रा हा या प्रकरणातला कळीचा मुद्दा. इकडे सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून तो घोटून घोटून बारीक करतात, आणि तो तोंडात असल्याशिवाय आमच्याकडे धानाची रोवणीही होत नाही. साहेब पहाटे सव्वापाचला खुर्ची टाकून पेटीसमोर बसत, खर्रा गालात. थुंकायचा आवाज झाला तर पाखरू बिचकेल, म्हणून थुंकत नसत. त्यामुळे तासन् तास बोलूही शकत नसत. गावकरी काम घेऊन येत. साहेब डोळ्यांनी बसायला सांगत, बोटांनी गट नंबर दाखवत, मान हलवून प्रकरण फेटाळत. नोकरीत असताना यांचं मौन महाग पडायचं, आता फुकट मिळतं, असं लोक म्हणतात. त्यात तथ्य किती, हे मला भाडेकरूच्या नात्यानं सांगता येणार नाही.

गाव हे सगळं सहन का करतं? कारण कोणाचा धुरा कोणाच्या बांधीत किती हात सरकला आहे, हे साहेबांना तोंडपाठ आहे. सातबारा आता मोबाइलवर निघतो, पण आजोबांच्या वेळचा घोटाळा मोबाइलमध्ये नाही, तो साहेबांच्या डोक्यात आहे. एप्रिलमध्ये शेजारच्या गल्लीतून वरात निघाली. डीजे एवढा मोठा की ट्रॅक्टर त्याच्यापुढे खेळणं वाटावं. साहेब आडवे गेले. नवरदेवाच्या बापाकडे एकदा पाहिलं, एकदा त्याच्या बांधीच्या दिशेनं पाहिलं. बोलले नाहीत, खर्रा होता. पेटीच्या चतुःसीमेपासून चाळीस मीटर पुढे जाईपर्यंत वरात मुक्यानं गेली. नवरदेवाच्या घोडीला तेवढीच विश्रांती.

काकूंचा राग पक्ष्यांवर नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळा होता. अंडी मादीनं एकटीनं उबवायची. नर फक्त पहारा देतो आणि गातो. हे साहेबांनीच त्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं. तेव्हापासून खांबावरच्या नराची शीळ सुरू झाली की काकू खुर्चीकडे पाहत आणि काही न बोलता भांडी घासत. भांडी जास्त वाजत.

साहेबांकडे पुस्तकं मोजकी. मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश, आणि सलीम अलींची एक-दोन. चितमपल्ली वनखात्यात असताना वर्षानुवर्षं नवेगावला राहिले, आणि नवेगाव तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं, याचा साहेबांना फार अभिमान. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगाव गेलं, सारसही बहुतेक तिकडेच गेले. “वाटणी करताना पक्ष्यांचे हिस्से कोणी लावलेच नाहीत,” असं ते अजून हळहळून सांगतात. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. महाराष्ट्रात पक्षी सप्ताह या दोन तारखांच्या मधे होतो. साहेबांना ते पसंत नाही. नोव्हेंबरात त्यांच्या तिन्ही पेट्या रिकाम्या असतात, आणि पीक उभं नसताना पाहणी करणं हा त्यांच्या मते खात्याचा जुनाच रोग आहे.

एका दुपारी, मादी अंड्यांवर आणि खर्रा संपलेला, तेव्हा त्यांनी काकूंना सलीम अलींची गोष्ट सांगितली. सलीम अली दहा-अकरा वर्षांचे असताना, १९०६-०७ च्या सुमाराला, तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत, नर बाहेर पहाऱ्यावर. मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं नर मारला. थोड्याच वेळात मादीनं दुसरा नर आणून बसवला. तोही मारला. सात दिवसांत आठ नर गेले, आणि दर वेळी मादीकडे नवा तयार. त्या मुलानं हे वहीत लिहून ठेवलं, आणि पुढे मोठेपणी ती नोंद तशीच छापली. वही ठेवण्याचं महत्त्व सांगावं, हा साहेबांचा हेतू.

काकूंनी तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकलं. “आठ?” त्या म्हणाल्या. “अना मले एकच. तोबी पेटीसमोर बसला रायते.”

साहेब वही घेऊन आत गेले.

पंचवीस एप्रिलला घोटाळा झाला. हरकतीची मुदत संपायला दोन दिवस बाकी असताना अंडी फुटली. तेरा दिवस. दयाळाला पंधरा दिवस थांबायची सवय नाही. आरशात तीन गुलाबी जीव, डोळे मिटलेले, चोची उघड्या. चौथं अंडं तसंच. साहेबांनी बांबू खाली घेतला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण तोंडानं म्हणाले, “नोंद बेकायदेशीर झाली.” मग त्यांनी पैसेवारी काढली. चार अंड्यांत तीन पिल्लं, म्हणजे ७५ पैसे. पन्नासच्या वर. दुष्काळ नाही.

मग पंधरा दिवस नुसती ये-जा. आता नरही कामाला लागला होता. खांबावरचं गाणं कमी, चोचीत अळ्या जास्त. काकूंनी याची दखल घेतली आणि बोलून दाखवली. साहेब प्रत्येक फेरीला एक उभी रेघ मारत, पाचवी आडवी. मे महिन्याचं विदर्भातलं ऊन म्हणजे दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रं नसतं. साहेब छत्री धरून बसलेले. पेटीवर पत्रा मारला होता तो काकूंच्या लक्षात आला. आत पिल्लं भाजतील, म्हणून त्यांनी गुपचूप शिडी लावून वर भिजवलेलं बारदान टाकलं. रोज दुपारी दोनदा भिजवायच्या. साहेबांच्या नमुन्यात बारदानाची नोंद नाही. दुपारी दोन ते चार त्यांच्या मानेची नोंद घ्यायला हवी होती. ती छातीवर पडलेली असायची.

दहा मे. पिल्लं आज उडणार, हे साहेबांना आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. एक जण दारात येऊन बाहेर पाहून गेला होता. पहाटे पाचपासून खुर्ची. नवीन पान उघडलेलं, ‘कब्जा सोडल्याचा दिनांक व वेळ’ असा रकाना आखलेला, घड्याळ रेडिओशी जुळवलेलं. सव्वापाच, साडेपाच, सहा. पिल्लू दारात येई, खाली पाहून परत आत जाई. खर्ऱ्याचा गोळा गालात फुगत चाललेला. सहा वीसला साहेबांचे डोळे पाणावले आणि ते फक्त थुंकायला म्हणून घरामागच्या नालीकडे गेले. मोजून दोन मिनिटांचं काम.

नालीपाशी एक शेतकरी भेटला. त्याच्या बापाला जाऊन तीन महिने झाले होते, सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायची होती. तो म्हणाला, “साहेब, कसं करायचं जी?”

या प्रश्नाला पटवारीसाहेबांनी आयुष्यात कधी थोडक्यात उत्तर दिलेलं नाही. तोंड नुकतंच मोकळं झालेलं. त्यांनी मृत्यूच्या दाखल्यापासून सुरुवात केली, बहिणींचे हक्क घेतले, इतर हक्कांतला सोसायटीचा बोजा घेतला, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत नीट समजावून सांगितली. परत आले तेव्हा सहा पंचेचाळीस झाले होते. पेटीच्या दारात कोणी नव्हतं. काकू अंगणात रांगोळी काढत होत्या.

“उडाले,” काकू म्हणाल्या. “तिनी.”

साहेब खुर्चीवर बसले. बराच वेळ बसले. मग उठून आत गेले, टोपी घालून आले आणि मला हाक मारली. पंच पाहिजे होता. काकूंचं बयान घ्यायचं होतं.

ते बयान नमुना २२ च्या एकसष्ट क्रमांकाच्या पानावर आहे.

प्रश्न : पहिले पिल्लू किती वाजता बाहेर पडले?
उत्तर : सडा टाकून झाल्ता, रांगोरी राहली होती.

प्रश्न : कोणत्या दिशेस?
उत्तर : बोरिंगकडे. दुसरा त्याच्या मांगंच.

प्रश्न : तिसरे?
उत्तर : तो भेला होता. भोकात बसून रायला. माय समोर सीताफरावर किडा धरून बसली, देल्ला नाही. मंग भुकेनं निंगाला.

प्रश्न : घटनेच्या वेळी नर हजर होता काय?
उत्तर : नर खर्रा थुकाले गेल्ता.

इथे साहेबांची लेखणी थांबली. काकूंकडे पाहिलं. काकू रांगोळीचा डबा मिटत होत्या. पण साक्षीदार जे सांगतो ते अक्षर न बदलता लिहायचं, छत्तीस वर्षांची सवय. त्यांनी लिहिलं, खाली काकूंची सही घेतली, स्वतःची केली, चष्मा काढून पुसला, दुसरी केली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

दयाळाचा नर त्या वेळी विजेच्या खांबावर होता. सील केलेल्या खिडकीच्या फटीतून मी त्याला पाहिलं होतं. पण पंचाला विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. मी सही केली.